माकडतापाची खबर

काजूच्या हंगामात मी सिंधुदुर्गातल्या माहेरी गेले होते. बागेत माकड मरून पडलं होतं, ते मी आणि भावाने पुरलं. माणिकपूरला घरी परतले आणि तापाने फणफणले. डेंग्यू नव्हता, मलेरियाही नव्हता. मी माकडाचं सांगताच डॉक्टरीणबाई चमकल्या. "माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी पाचोळ्यात उतरतात, मग माणसाला चावतात." तपासणीत माकडतापच निघाला. दवाखान्यातूनच मी भावाला फोन केला. त्याने अख्खी वाडी जागी केली. बागांत औषध फवारलं गेलं, गोचीड चावू नये म्हणून अंगाला तेल चोळल्याशिवाय कुणी पाचोळ्यात पाऊल टाकेना.

बरी होऊन राजोडीच्या वाळूत फिरत होते, तेव्हा त्याचा फोन आला. "ताये, हंगाम सरलो, वाडीत दुसऱ्या कोणाकच ताप येवक नाय!"

मी भर किनाऱ्यावर ओरडले, "जिंकलो रे!"