कोरसमधला बारीक आवाज

माझ्या आईचा आवाज मी इंटरनेटवर ठेवला होता. लोक दागिने लॉकरात ठेवतात तसा, अगदी निर्धास्त. एकदा तिथं चढवलं की ते कायमचं आपलं, असं मला खरंच वाटायचं. शाळेत पोरांना शिकवणारी मी, पण त्या बाबतीत ढ.

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, गाण्याचा जलसा होता. दिवसा कारखान्यात नोकरी आणि जयंतीच्या दिवसांत गावोगाव गाणी. आई मागे कोरसमध्ये टाळ्या वाजवत उभी असायची. मी सात वर्षांची असताना ती गेली. तिच्या मागे एक व्हिडिओ कॅसेट राहिली, मंगळवार पेठेतल्या जयंतीच्या कार्यक्रमाची. त्यात आबा पुढे उभे आणि आई डावीकडून दुसरी. आबांनी ओळ सोडली की मागून बायकांचा आवाज उठायचा आणि त्यातला एक बारीक, उंच आवाज सगळ्यांच्या वर जायचा. तो आईचा. असं मला कुणी सांगितलेलं नव्हतं, मीच ठरवून टाकलं होतं.

कॅसेटला बुरशी आली तेव्हा मी ती शाहूपुरीतल्या एका दुकानात नेली. दुकानदारानं एकदाच चालवून सीडी काढून दिली आणि दुसऱ्यांदा चालवताना फीत तुटली. मग मी शहाणपणा केला. बावड्यातल्या नेट कॅफेत बसून ते गाणं एका व्हिडिओच्या साइटवर चढवलं. सीडी वर्षभरात चरे पडून बंद झाली, पण मला फिकीर नव्हती. शाळा सुटली की कॅफेत जायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि आईला ऐकायचं.

एक दिवस आईच्या जागी काळा चौकोन आला. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की या व्हिडिओतला आवाज दुसऱ्याच्या मालकीचा आहे, एका कॅसेट कंपनीनं दावा केला आहे, म्हणून व्हिडिओ थांबवला आहे. 'कॉपीराइट' आणि 'कायदेशीर कारवाई' एवढे दोनच शब्द मला दिसले.

मी तेव्हा शिक्षणसेवक होते. अजून कायम व्हायचं होतं. आपल्यावर केस झाली, पोलीस शाळेत आले, नोकरी गेली, असं सगळं मी घरी पोचेपर्यंत मनात उरकून घेतलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण मी चोरलं काय होतं? दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी सहीसाठी बोलावलं तर मी आधी दाराबाहेर पोलीस आहेत का ते पाहिलं. कागद निघाला खिचडीच्या तांदळाचा.

साइटनं दोन वाटा दिल्या होत्या. एक, आवाज काढून टाका, नुसतं चित्र परत मिळेल. दुसरी, आक्षेप घ्या. आवाज आपल्याच मालकीचा आहे असं लिहून द्यायचं, खाली पूर्ण नाव घालायचं, आणि खोटं निघालं तर जबाबदारी आपली. कॅफेवाला म्हणाला, "ताई, करा की टिक. सगळं जग करतंय. कोण बघाय येतंय हितं?" पण माझा धीर होईना. आणि आवाज काढून टाकायचा तर त्या चित्राचं मी काय करू? आईचे फोटो घरात होते की. नव्हता तो आवाज.

रविवारी मी आबांना कॅफेत घेऊन गेले. गाणं त्यांनीच गायलेलं, मग मालक तेच, असा माझा सरळ हिशेब होता. मी इंग्रजी वाचून त्यांना मराठीत सांगितलं. "आबा, 'हा आवाज आमचा आहे' असं लिहायचंय. लिहू ना?"

आबांनी माझा माऊसवरचा हात धरला. मग म्हणाले, "न्हाय. नगं लिहूस."

"का? तुम्हीच गायलाय की!"

"गायलोय मीच. पर त्यो आवाज पेठंतल्या कारेक्रमातला न्हाय. त्या दिवशी माईक बिघडलता. शूटिंगवाल्यानं मागनं कंपनीनं काढलेल्या आमच्या कॅसेटातलं गाणं त्यावर चढीवलं. आन् त्या कॅसेटच्या कागदावर मी सही दिलीया. कंपनीचंच हाय ते."

म्हणजे दावा खरा होता. मला आबांचा राग आला, शूटिंगवाल्याचा आला, कंपनीचा तर आलाच. तरी मी हेका सोडला नाही. म्हटलं, असू दे कंपनीचं, पण कॅसेटमध्येही कोरसला आईच आहे ना?

आबांनी मान खाली घातली. "तिला घेतलीच न्हाय त्यांनी. रेकॉर्डिंगला मिरजंला सगळा जलसा घिऊन गेलतो. कंपनीच्या माणसानं आपल्या बायकांचा आवाज ऐकला आन् म्हणला, कोरसला आमच्या बायका हायत्या. तुझी आय तुला घिऊन भाईर पायरीवर बसली दिवसभर. मी काय बोललो न्हाय. कॅसेट निघंल म्हणून गप बसलो."

इतकी वर्षं मी कुणा परक्या बाईला कानाशी धरून बसले होते. त्या बाईचा काही दोष नव्हता, चांगली गायली होती बिचारी. पण मला शरम वाटली आणि रडू आलं, शेजारच्या खुर्चीवर पोरंसोरं बसलेली असताना. डोळे पुसले आणि 'आवाज काढून टाका' वर क्लिक केलं.

दोन-तीन दिवसांनी गाणं परत आलं, मुकं. मी आबांना पुन्हा कॅफेत नेलं. आईचे ओठ हलत होते, टाळ्या वाजत होत्या, ऐकू काहीच येत नव्हतं. मी आबांना म्हणाले, "मला तिचा आवाज आठवत नाही."

आबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "जाड हुता. माझ्यापरास जाड. म्हणून तर घेतला न्हाय."