सिरक्याचा वास

लोणच्याची बरणी उघडावी, सिरक्याचा तो आंबट, नाकाला झोंबणारा दर्प अंगावर यावा, की मी माझ्या स्वयंपाकघरात उरतच नाही! नव्वदच्या दशकाअखेरचे सीताफळांचे दिवस, लिंबागणेशपलीकडचे एक गाव, आणि शाळेच्या खोलीत साडीचा पडदा बांधून उभी असलेली मी. गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळीच ओळखता येतो का, याचे आमच्या आरोग्य पथकाचे संशोधन चालले होते. सौम्य सिरका लावला की बिघडलेली जागा पांढरी उमटते. इतकी साधी तपासणी. साधी आमच्या लेखी हो! बायका पडद्याआड यायला तयार कुठे होत्या?

मग भेटली अनसामावशी, गावची कासारीण. स्वतः विधवा, मनगटे मोकळी. पण गावातल्या प्रत्येक सुनेचा हात तिच्या हाती विसावलेला. नवऱ्याला, सासूला जे कधी कळायचे नाही, ते बांगडी चढवताना तिच्या कानी पडे. पाटोद्याच्या बाजारात प्लॅस्टिकच्या बांगड्या, शाम्पूच्या पुड्या आणि पिवळ्या पाट्यांचे टेलिफोन येऊन थडकले होते, तरी मावशीवरचा विश्वास ढळला नव्हता. "आगं, कावून लाजतीस? बाळंतपणाला लाजली न्हाईस, अन् हितं लाजतीस व्हय!" असे दटावून ती एकेकीला पडद्यापर्यंत आणून सोडी. तीन आठवडे आम्ही दोघी गल्लोगल्ली हिंडलो. वाटेत ती पदराखालून सीताफळ काढी आणि मी बिया थुंकत यादीवर खुणा करी. काय सुखाचे दिवस होते ते!

दोन वर्षांनी परत गेले, तर मावशी अंथरुणाला खिळलेली. तोच आजार, आणि वेळ टळून गेलेली. मला संतापच आला, तिचाच! गावाला शहाणपण शिकवणारी ही बाई स्वतः का आली नाही? कचेरीत परतून रागारागाने जुनी यादी काढली. तिची गल्ली आमच्या दुसऱ्या तुकडीकडे होती. तिच्या नावापुढे तीन भेटींच्या तीन नोंदी: कुलूप, कुलूप, कुलूप. तीनदा घर बंद आढळले की नाव खोडायचे, हा आमचाच नियम. तारखा माझ्या खुणांशी ताडून पाहिल्या. त्या तिन्ही दुपारी ती माझ्यासोबत फिरत होती.

दुसऱ्या दिवशी तिच्या उशाशी बसून रडत रडत सारे सांगितले. ती हसली. "आगं ताई, मी घरी व्हते कवा? तुज्यासंगंच तर व्हते!" मग माझ्या बांगड्यांवरून बोटे फिरवत हळूच म्हणाली, "समद्यायला म्या वढत आणलं. मला वढाया कोण व्हतं? तू इचारशील म्हून थांबलते."

बरणीचे झाकण मी लावून टाकते. मावशी त्याच हिवाळ्यात गेली. अजूनही एखाद्या नव्या गावात पाऊल ठेवले की यादी मी पिशवीतच राहू देते. आणि जी बाई पुढे होऊन मला घरे दाखवायला निघते, तिचाच हात धरून आधी विचारते, मावशी, तुमची तपासणी झाली का?