सहा जणी खेळतील

एतिएन गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगला बसले होते. मरायकेने, म्हणजे त्यांच्या बायकोने, आमच्या फुटबॉल टीमच्या ग्रुपवर एवढंच लिहिलं होतं : 'सकाळी गेला, झोपेतच. आत्ता फोन नका करू, संध्याकाळी घरी या.' दोन दिवसांनी पेपरात चार ओळी आल्या. गुणी फ्रेंच स्ट्रायकर, गुडघ्यामुळे कारकीर्द अर्धवट राहिली, पुढे प्रशिक्षक म्हणून अपयशी... अपयशी! माणसाची राखही थंड झाली नव्हती आणि पेपरवाले निकाल लावून मोकळे. मृत्युलेख कसा लिहितात हे मला ठाऊक नाही. मला त्या एका शब्दाशी भांडायचंय, म्हणून लिहायला बसले आहे.

आम्ही पुण्याहून हॉलंडला आलो आणि उइटहॉर्नला घर घेतलं, तेव्हा माझा खेळाशी संबंध शाळेतल्या खो-खोपुरता होता. शेजारच्या गल्लीतल्या शिल्पाने मला ओढत क्लबवर नेलं. तिशी-चाळिशीतल्या बायकांची टीम, सात-सात जणी, शुक्रवारी संध्याकाळी मॅच. मैदानाच्या कडेला एक उंच, लंगडणारा म्हातारा घडीची हिरवी कापडी खुर्ची घेऊन उभा होता. मी सवयीने 'सर' म्हटलं. "इथे सर कुणी नाही. मी एतिएन," ते म्हणाले. वडिलांच्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभ पुढचे कित्येक आठवडे रेटत नव्हती. आणि ती खुर्ची त्यांच्यासाठी नव्हतीच. ते कधी बसायचेच नाहीत.

खुर्ची होती जिला लागलं असेल तिच्यासाठी, आणि लवकरच ती खरं तर शिल्पाची आणि माझीच झाली. आपल्याकडे बायका कापलेलं बोट नळाखाली धरतात आणि उरलेली भाजी चिरून टाकतात. अंगात ताप असला तरी पोळ्या होतातच. कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं : काही नाही झालं. मैदानातही आमचं तेच. पडलो, काही नाही झालं. नडगीवर लाथ बसली, काही नाही झालं. एतिएननी हे तीन शब्द महिन्याभरात पाठ केले आणि नियमच करून टाकला. जी 'काही नाही झालं' म्हणेल तिने ताबडतोब बाहेर येऊन खुर्चीवर बसायचं. "डच बाई दुखलं की ओरडते, मला कळतं. तुम्ही दोघी हे म्हणता तेव्हाच नक्की काहीतरी मोडलेलं असतं," ते म्हणायचे. टीमला याची भारी मजा वाटायची. आमची गोलकीपर सास्किया तर ते शब्द आमच्यापेक्षा ठसक्यात म्हणायला शिकली.

या नियमामागची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, मॅचनंतर कॅन्टीनमध्ये फ्रेंच फ्राइज खाताना. फ्रान्सच्या उत्तरेकडच्या, कोळशाच्या खाणींच्या गावातला हा पोरगा. गोल मारण्यात इतका तरबेज की हॉलंडच्या क्लबने उचलून आणला. गुडघा दुखायला लागला तेव्हा डॉक्टर, कोच, मालक, सगळे म्हणाले, इंजेक्शन घे, एवढी एकच मॅच. ती एकच मॅच काही संपली नाही, आणि तिशीच्या आत पाय कायमचा गेला. मग ते प्रशिक्षक झाले. दक्षिणेकडच्या एका क्लबला वरच्या गटात जायला फक्त एक विजय हवा होता. हुकमी बचावपटूचा गुडघा सुजलेला, तरी तो खेळतो म्हणून हटून बसला होता. मालकाचाही तोच हट्ट. एतिएननी त्याला उतरवलं नाही. टीम हरली, सोमवारी हातात नारळ. पुन्हा कुठल्याही मोठ्या क्लबने त्यांना दारात उभं केलं नाही.

"वाईट नाही वाटत?" मी विचारलं.

"त्याचं दर नाताळला कार्ड येतं. तो अजून धावतो," ते म्हणाले. "मी माझ्या मुलीबरोबर कधी धावलो नाही..."

तरीसुद्धा माझी वेळ आली तेव्हा मी भांडलेच. हंगामाची शेवटची मॅच, जिंकलो तर पहिला नंबर. शिल्पा भारतात गेलेली, बदली कुणीच नाही. माझा घोटा मुरगळला आणि तोंडातून सवयीने तेच तीन शब्द निघाले. एतिएननी खुर्चीकडे बोट केलं.

"अहो, पण बदली कुणी नाहीये!"

"सहा जणी खेळतील."

मी त्यांना चारचौघांत मराठीत इतकं काही सुनावलं की बरं झालं, कुणाला कळलं नाही. आम्ही हरलो. सोमवारी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेले. त्यांनी नेहमीसारखी पॅरासिटामॉलवर बोळवण न करता चक्क एक्स-रेला पाठवलं, यावरूनच काय ते समजा. हाडाला चीर होती. आणखी दहा मिनिटं खेळले असते तर प्लेट बसवावी लागली असती, असं डॉक्टर म्हणाल्या. आज मी लेकीला शाळेत सायकलने सोडते, ते त्या हरलेल्या मॅचमुळे. याला अपयश म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. पलंग समोरच्या खोलीत, खिडकीशी आणून ठेवला होता. हाताची नुसती काडी झाली होती. कसं वाटतंय विचारलं, तर माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "काही नाही झालं."

"मग बसा खुर्चीवर," मी म्हटलं. हसता हसता त्यांना खोकला आला... मरायके पाणी घेऊन धावली. जरा थांबून ते म्हणाले, "मैदानात मिनिटभर गप्प उभं राहायचं नाही. त्या वेळात वॉर्म-अप करा." मी घराबाहेर आले आणि सायकलचं कुलूप उघडता उघडता रडले.

ते गेल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी क्लबचे लोक मौन पाळायला सांगू लागले. शिल्पाने स्वच्छ नाही म्हटलं आणि आम्ही मैदानाला फेऱ्या मारल्या. मरायकेने ती हिरवी खुर्ची आणून कडेला, नेहमीच्या जागी उघडून ठेवली होती. उत्तरार्धात बरोबरी होती, बदली कुणी नव्हती, आणि सास्किया खांद्यावर आपटली. उठली, हात लोंबत होता, आणि ठणकावून म्हणाली, "काही नाही झालं!"

आम्ही सगळ्यांनी खुर्चीकडे बोट केलं. ती डचमध्ये शिव्या घालत जाऊन बसली, मरायकेने तिच्या खांद्यावर बर्फ धरला, आणि मी तिचे मोठे हातमोजे चढवून गोलमध्ये उभी राहिले.

सहा जणी खेळलो. सडकून हरलो. लिहा पेपरात.