खेल खेल में शिक्षा

नवऱ्याची बँकेतून उज्जैनला बदली झाली तेव्हा आमचा मुलगा चार वर्षांचा होता. आम्ही साताऱ्याकडचे. मुलाला मराठीशिवाय दुसरी भाषा ठाऊक नव्हती आणि माझी हिंदी म्हणजे सिनेमे बघून आलेली, बाई-पुरुष एक करणारी. देवास गेटच्या बाजारात मी काही मागितलं की दुकानदार आधी हसायचा, मग वस्तू काढायचा. त्याचं मला तेव्हा फारसं काही वाटायचं नाही. नवीन गावात माणसाचं हसं होतंच.

फ्रीगंजमध्ये एका बंगल्यात बालवाडी होती. ती चालवणाऱ्या बाई मराठी आहेत असं कळलं आणि मी दुसरी शाळा बघितलीच नाही. सगळे त्यांना ताईसाहेब म्हणत. त्यांचं घराणं फार पूर्वी दरबाराच्या चाकरीत इकडे आलं आणि इकडचंच झालं. प्रवेशाच्या दिवशी त्यांनी माझ्या मुलाची हनुवटी धरून त्याला दोन-चार गोष्टी विचारल्या आणि मला म्हणाल्या, "किती साफ मराठी बोलतो हो! आमच्या घरचे बच्चे तर आता मराठीत हाक मारली तर ओ पण नाही देत." मला भरून आलं. कितीतरी दिवसांत माझ्याशी कुणी मराठीत बोललं नव्हतं.

साताऱ्याला मी एका शाळेत लहान मुलांना कॉम्प्युटर शिकवत होते. हे समजल्यावर त्यांनी टाळीच वाजवली. शाळेत नवीन कॉम्प्युटरची खोली होत होती आणि मुलांसाठी गेम निवडायचे होते. "दुकानवाला काय, जे दाखवेल त्याला बढियाच म्हणेल. तुम्ही बसा माझ्यासोबत. तुम्ही तर आमच्याच झाल्या."

मग शाळा सुटल्यावर मी मुलाला घेऊन त्यांच्या दिवाणखान्यात बसू लागले. बंगल्याचा मागचा भाग त्यांचं घर होता. मी एकेक गेम लावायची, मुलगा पडद्यावर बोट लावील तिथे माउस दाबायची, आणि त्याच्याकडे बघून आम्ही ठरवायचो. ज्यात वर घड्याळ पळत असतं ते मी पहिल्यांदा बाजूला केले, कारण चार वर्षांच्या मुलाला घाई कळत नाही, त्याला फक्त धाक कळतो. ज्यात कुठेही बोट लावलं तरी फटाके फुटतात तेही गेले. एक मला फार आवडला होता. त्यात प्राण्यांना त्यांच्या घरी सोडायचं. गाय चुकून घरट्यात ठेवली तर ती इकडेतिकडे बघायची आणि शांतपणे चालत परत यायची. ना भोंगा, ना रडका चेहरा. मुलगा मुद्दाम गायीला बिळात, पाण्यात, झाडावर ठेवून बघायचा आणि शेवटी गोठ्यात सोडून म्हणायचा, "दमली ती आता."

"ह्यात मजा नाही काही," ताईसाहेब म्हणाल्या. त्यांना अस्वलाचा गेम पसंत होता.

त्यात एक अस्वल स्टुलावर बसलेलं असायचं. आवाज हिंदीत प्रश्न विचारायचा. उत्तर बरोबर आलं की कोपऱ्यात एक चांदणी उमटायची, बस. चुकलं की अस्वल धाडकन पालथं पडायचं, त्याची चड्डी सुटायची आणि पुष्कळ माणसं खदखदून हसल्याचा आवाज यायचा. मुलाला प्रश्न आला, "खाली टोकरी कौन-सी है?" पडद्यावर टेबलावर एक रिकामी टोपली होती आणि जमिनीवर आंब्यांनी भरलेली. त्याने विचार करून जमिनीवरच्या टोपलीला बोट लावलं. अस्वल पडलं. तो चमकला, मग तोही हसला. ताईसाहेब तर डोळे पुसेपर्यंत हसल्या.

"अहो, तो चुकला नाहीये," मी त्यांना म्हटलं. "हिंदीत खाली म्हणजे रिकामी हे त्याला कुठे ठाऊक? त्याला खालची वाटली. मराठीतलं खाली."

"हो का? अगं बाई, खरंच की!" त्या म्हणाल्या. "मला तर सुचलंच नसतं. फिरून विचारा बरं त्याला." त्याने परत खालच्याच टोपलीला बोट लावलं. त्या परत हसल्या.

त्यांची सून चहा घेऊन आली होती. ती जरा थांबून पडद्याकडे बघत होती. ताईसाहेब म्हणाल्या, "हिला द्या माउस. हिचं पण अस्वलच पडेल. बी.ए. आहे आमची, वाटत नाही ना?" सुनेने कप ठेवले आणि ती गेली. मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, काही नव्हतं. बोलून झालं होतं आणि त्या बिस्किट चहात बुडवत होत्या.

त्यांच्या ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापक एकदा तिथे आले. ताईसाहेबांनी त्यांना हौसेने अस्वल दाखवलं. ते हसले आणि मला विचारलं, "आपका क्या कहना है?" मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं की बरोबर उत्तराला एक चांदणी आणि चुकीला एवढा तमाशा, मग मूल मुद्दाम चुकेल. आणि जे खरोखर चुकेल, त्याच्यावर बाकीची मुलं हसायला शिकतील. गेम शिकवील तर एवढंच शिकवील.

मुख्याध्यापक मान हलवत म्हणाले, "मैडम ठीक कह रही हैं. ये मत लीजिए."

ताईसाहेबांचं हसू होतं तिथेच राहिलं. "मग नाही घेत," त्या म्हणाल्या. "महाराष्ट्रातून शिकवायला आल्या आहेत, तर ऐकायलाच पाहिजे." ते मला कौतुक वाटलं. घरी येऊन मी नवऱ्याला तसं सांगितलंही.

खोलीच्या उद्घाटनाला सगळ्या पालकांना बोलावलं होतं. नवऱ्याचे मॅनेजरही आले होते, कारण त्यांची नात त्याच वर्गात होती. नवरा त्यांच्या शेजारी, खुर्चीच्या कडेवर बसला होता. भिंतीवर मोठा पडदा आणि त्याच्यावर झेंडूच्या माळांत एक फलक होता: खेल खेल में शिक्षा. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण हे मला माहीत होतं. तरी वाचताना मनात मराठीच आलं आणि मी स्वतःशीच हसले.

पडदा उजळला आणि अस्वल दिसलं.

मी ताईसाहेबांकडे बघितलं. त्या माइक घेऊन पालकांना सांगत होत्या की हे सगळे गेम एका विशेषज्ञ मॅडमनी निवडून दिले आहेत. त्यांनी माझ्याकडे हात केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. "और सबसे पहले खेलेंगे इन्हीं के सुपुत्र!"

मुलगा आनंदाने पुढे गेला. त्याला अस्वल ओळखीचं होतं. ताईसाहेबांनी स्वतः माउस फिरवून प्रश्न काढला. पहिलाच तो होता. खाली टोकरी कौन-सी है?

त्याने खालच्या टोपलीला बोट लावलं, ताईसाहेबांनी तिथे माउस दाबला. अस्वल पडलं, चड्डी सुटली, यंत्रातली माणसं हसली आणि खोलीतलीही हसली. मुलगा वळून सगळ्यांकडे बघून हसला. त्याला वाटलं छान झालं.

"अरे, फिर से देखो बेटा. खाली. खा-ली," ताईसाहेब माइकवरून म्हणाल्या.

त्याने परत तेच केलं, यावेळी जरा जोरात बोट दाबून. हशा वाढला. मागून कुणीतरी म्हणालं, "विशेषज्ञ का बेटा है भाई!" ताईसाहेबांनी तोच प्रश्न पुन्हा आणला. त्या माझ्याकडे बघत होत्या. तेव्हा मला समजलं की हे चुकून चाललेलं नाही.

मुलाला आता काहीतरी बरोबर नसल्याचं कळलं होतं. त्याने बाबांना शोधलं. मॅनेजर पोट धरून हसत होते, आणि त्यांच्या शेजारी माझा नवरा, त्यांच्या अंगावर कलून, त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसत होता. "घर पर भी ऐसा ही है, सर," तो म्हणाला. "माँ पर गया है." मॅनेजरांनी त्याच्या मांडीवर थाप मारली.

मुलाचं हसू गेलं. तो रडला नाही. त्याने बोट पडद्यावरून काढलं आणि मागे लपवलं.

मी उठून उभी राहिले. "सुनिए, मराठी में खाली मतलब नीचे होती है," मी म्हटलं. होती है. तेवढ्यावरूनही दोघं-तिघं हसले. "वो गलत नहीं है. ताईसाहेबांना माहीत आहे. मी सांगितलं होतं त्यांना."

ताईसाहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे हो! मी तर भूलूनच गेले." मग लोकांकडे वळून म्हणाल्या, "देखिए, मराठी हम भी हैं, मगर हमारी तो अब ऐसी ही रह गई. इतनी शुद्ध नहीं ना." पुन्हा हशा. मी मुलाला उचललं आणि बाहेर आले. जिन्यात त्यांची सून उभी होती. तिने बाजूला होऊन वाट दिली आणि हळूच म्हणाली, "आता तुम्ही पण कराल मला हसायचं बंद." मी तिला कधीच हसले नव्हते. ते सांगायला मी थांबले नाही.

नवरा घरी आला तो चिडूनच. मी त्याच्या साहेबांसमोर तमाशा केला होता. "लोक हसले तर हसले. चार वर्षांच्या पोराचा कसला आलाय अपमान?"

"अहो, तुम्ही हसलात."

"मग काय रडत बसू साहेबांच्या शेजारी?"

मला शाळा बदलायची होती. तो नको म्हणाला, कारण साहेबांनी दुसऱ्या दिवशी बँकेत त्याला विचारलं होतं, "हमारा भालू कैसा है?" आणि त्यात त्याला आपुलकी दिसली होती. मी दोन शाळांत एकटी जाऊन आले. वर्षाच्या मधेच कुणी घेत नव्हतं. ताईसाहेबांचा फोन आला. मध ओघळावा अशा आवाजात त्यांनी मला शिक्षिकांना तो गेम चालवायला शिकवण्यासाठी बोलावलं. "बच्चे तर त्याच्यावरच फिदा आहेत." मी फोन ठेवला. मुलाला मात्र शाळेत पाठवावंच लागलं.

शाळेत त्याला भालू म्हणू लागले. कॉम्प्युटरच्या तासाला तो उत्तर द्यायला उठायचाच नाही, असं त्याच्या शिक्षिकेने सांगितलं. घरी तो टीव्हीसमोर बसून ओठ हलवत हिंदी कार्टून बघायचा. पावसाळा संपेपर्यंत तो अस्खलित हिंदी बोलत होता. मी मराठीत विचारायची, तो हिंदीत उत्तर द्यायचा. मी हट्ट केला तर गप्प बसायचा. साताऱ्याहून आजीचा फोन आला की तिचं बोलणं ऐकून घ्यायचा आणि फोन माझ्याकडे देऊन म्हणायचा, "आप ही बात करो." सासूबाईंना वाटायचं मीच त्याला त्यांच्यापासून तोडलं. अजून वाटतं.

आता तो सहावीत आहे. भाजीवाल्यासमोर मी बोलू लागले की बाही ओढतो. "मम्मी, आप रहने दो."

गेल्या गणपतीत इथल्या मराठी मंडळात मुलांची भाषणं होती, हिंदी चालत होतं. त्याला बक्षीस मिळालं. द्यायला ताईसाहेब होत्या, आता काठी घेऊन चालतात. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि माइकवर सांगितलं, "याचा पाया माझ्याकडे घातला गेला आहे." तो वाकून त्यांच्या पाया पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, नवऱ्यानेही. माझ्याजवळून जाताना त्या थांबून म्हणाल्या, "किती साफ बोलतो. तुमच्या हातात राहिला असता तर?"

परतताना रिक्षात त्याने विचारलं, "वो आंटी कौन थीं? मुझे कैसे जानती हैं?"

त्याला काहीच आठवत नव्हतं.

"मम्मी की पुरानी सहेली," नवरा म्हणाला आणि हसला.

मग मी त्याला सांगितलं. टोपली, अस्वल, ताईसाहेब, त्याचे बाबा, सगळं, मराठीत, जसं झालं तसं. नवरा बाहेर बघत होता. मुलाने मधे एकदाही तोडलं नाही. मला वाटलं, आता तो मला काहीतरी म्हणेल.

तो म्हणाला, "तो आपने मुझे पहले से हिंदी क्यों नहीं सिखाई थी?"