पोपटी जाकीट

माझ्या कापडाच्या दुकानावरून रोज भल्या सकाळी एक बाई सायकलनं वर्ध्याच्या मेसवर स्वयंपाकाला जाते. एकदा ती जाकिटाला कापड घ्यायला आली. नवरा गेलेल्या बाईला शोभेल म्हणून मी राखाडी तागा काढला. तिनं तो बाजूला सारला.

"तो पोपटी घ्या अन् रोडच्या पल्याड उभे राहा, भाऊ. इथून पाहू द्या."

भर बाजारात मी पोपटी कापड छातीशी धरून उभा राहिलो. परत आल्यावर म्हटलं, "लोक नावं ठेवतील."

"लोकाईले नाई, ट्रकवाल्याले दिसलं पाह्यजे."

आता धुक्यात वळणावर पोपटी ठिपका दिसला की मी दुकानाची झाडलोट सोडून दारात येतो. कापड माझ्या दुकानातलं आहे, हे शेजाऱ्याला रोज सांगतो.