मांडवबाईंचे दोन थांबे

रिकामा रस्ता दिसला की मांडवबाईंचे हात शिवशिवायचे. सत्तरच्या दशकात कडावच्या शाळेत आम्ही दोघी शिक्षिका होतो. त्या बौद्धवाड्यातल्या, धाकट्या भावाचा मांडवाचा धंदा. लग्नसराई संपली की त्याचे बांबू, सुतळ्या, जुन्या कनाती मागून आणायच्या आणि गावच्या रस्त्यात काहीतरी उभं करायच्या. आठवडाभर ठेवायच्या, मग स्वतःच सोडून टाकायच्या. त्यावरून गावाने ठेवलेलं 'मांडवबाई' हे नाव त्यांना मनापासून आवडायचं.

एकदा त्यांनी भर बाजारात नुसती चौकट रोवली. भिंत नाही, दार नाही. चौकटीत उभा राहील त्याने गावाबद्दल हवं ते बोलावं आणि त्याचं संपेपर्यंत बाकीच्यांनी ऐकावं, एवढाच नियम. दोन दिवस तिथे फक्त एक बकरी उभी राहिली. बाई म्हणाल्या, "हरकत नाही, सुरुवात तर झाली." तिसऱ्या दिवशी गावचा न्हावी उभा राहिला आणि गटारावर इतकं बोलला, की त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने ऐकत राहिलं.

खरी जुंपली ती एसटीच्या थांब्यावरून. गावाला सिमेंटची शेड मंजूर झाली होती. सरपंचांना ती बाजारात, आपल्या दुकानासमोर हवी होती. ठाकूरवाडीच्या बायका डोंगर उतरून एसटीसाठी गावाबाहेरच्या वळणावर उन्हात ताटकळायच्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. बाईंनी दोन्ही जागी बांबूच्या शेडी उभारल्या, वर गवत टाकलं आणि पाटी लावली: 'बसून बघा, मग बोला.' सरपंच चिडले. बाईंची बदली करवतो म्हणाले. मी घाबरले. बाईही घाबरल्या असतील, पण सुतळी आवळायच्या थांबल्या नाहीत.

पहिल्याच सकाळी कर्जतची एसटी वळणावरच्या शेडीपाशी आपणहून थांबली. ड्रायव्हरला वाटलं, सरकारने थांबा केला. मग काय, वाण्याकडे, गिरणीत, देवळाच्या पारावर तोच विषय. सरपंच रोज मित्रांना घेऊन बाजारातल्या शेडीत बसायचे. एकदा हळूच वळणावरच्या शेडीतही बसून आले.

ग्रामसभेत ठाकूरवाडीची सोमी उठली. आजवर ती सभेला आलीसुद्धा नव्हती. पदर सावरत एवढंच म्हणाली, "आठ दिस आमी सावलीत बसलो. आता ती काढून नेऊ नका."

शेवटी सरपंचच म्हणाले, "वळणावरच बांधा रं. माझ्या दुकानाला गिऱ्हाईक कमी नाय."

दोन-तीन वर्षांनी बाईंची खालापूरला बदली झाली. तीही रीतसर, कुणी करवलेली नव्हे. निरोपाच्या दिवशी सत्कार शाळेने करायचा की वाडीने, यावर शिक्षक आणि बायकांचा वाद पेटला. नारळ माझ्या हातात तसाच. बाहेर एसटी हॉर्न वाजवू लागली, म्हणून मी बाईंना उठवायला गेले. त्यांनी माझाच हात धरून मला खाली बसवलं.

"थांबा हो," त्या म्हणाल्या, "ती कोपऱ्यातली अजून बोललेली नाही."

एसटी निघून गेली. बाई पुढे झुकून ऐकत राहिल्या.