पुतळीचा दात

माझ्या नवऱ्याच्या खालच्या एका दाढेवर सोन्याची टोपी आहे. तो मोठ्याने हसला की ती दिसते, आणि ती दिसली की मी दुसरीकडे पाहते. पाहुण्यांना वाटतं, बायकोला त्याच्या हसण्याची लाज वाटते. तसं नाही. ती दाढ माझ्यामुळे फुटली, आणि हे जिला सांगायला हवं होतं तिला मी चार वर्षं सांगितलं नाही.

एकोणीसशे पन्नास-साठच्या मधली गोष्ट. नवरा अहेरीला जंगल खात्यात कारकून होता. सरकारी क्वार्टरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना मी बाई म्हणायची. लग्नाला दीड वर्ष झालं होतं.

तांदूळ निवडावेत ते बाईंनीच, असं क्वार्टरांच्या सगळ्या रांगेत मानत. दुपारी दाराशी उजेडात बसायच्या, सूप मांडीवर, बाजूला पितळी वाटी. पाखडून झालं की निवडायच्या, आणि शेवटी डोळे मिटून दाण्यांतून बोटं फिरवायच्या. "आता बोटं पाहून राह्यली," म्हणायच्या. खडा सापडला की वाटीत टण् आवाज. कुणाकडे लग्न निघालं की बायका तांदळाची टोपली घेऊन आमच्याच दाराशी यायच्या.

त्या दिवशी आठवडी बाजार होता. बाई बाजारात गेल्या आणि मला माहेरचं पत्र आलं. मी ते तीनदा वाचलं. चूल पेटवायला उशीर झाला, आणि पाहते तर निवडलेल्या तांदळाच्या डब्यात मापाला दोन मुठी कमी. मी पोत्यातल्या दोन मुठी घेतल्या, न पाखडता, न निवडता, आणि तशाच आधणात टाकल्या.

बाई परत आल्या तेव्हा नवरा जेवत होता. तिसऱ्या-चौथ्या घासाला कडकन आवाज झाला, तो मला चुलीपाशी ऐकू आला. त्याने ताटाच्या कडेला काढून ठेवलं ते दोन तुकडे होते. एक काळा खडा, एक दाढेचा पांढरा तुकडा.

शेजारीण धावत आली. "सुनेनं निवडले असतीन वो. आजकालच्या पोरींचं ध्यान कुठी राह्यते?"

"नाई," बाई म्हणाल्या. "डब्यातले तांदूळ माह्या हातचे होते. उगाच लेकीवर नको टाकू."

मी तोंड उघडलं होतं. ते 'लेकीवर' ऐकलं आणि मिटलं. आता मी सांगितलं तर बाई त्या शेजारणीपुढे खोट्या पडतील, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण एवढंच की मी घाबरले.

शेजारीण गेल्यावर बाईंनी सूप खुंटीला टांगलं आणि वाटी माझ्या हातात दिली. "आता तूच पाहत जाय. माहे डोळे गेले."

लवंगेच्या तेलावर चार दिवस निघाले. मग आम्ही तिघं चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, निघालो. नदीपर्यंत एक गाडी, मग नाव, मग दुसरी गाडी. नवऱ्याने गालाला फडकं बांधलेलं, आणि बाईंच्या कनवटीला त्यांच्या माळेतली एक पुतळी. नाण्यासारख्या सोन्याच्या सात पुतळ्यांची ती माळ त्यांच्या लग्नातली होती.

त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की दाढ उपटावी लागत नाही, वर सोनं चढवता येतं. मी म्हटलं, "बाई, पुतळी नका देऊ." त्या म्हणाल्या, "माह्या चुकीनं पोराच्या तोंडात भोक पाडू का?" नावेत त्या पुन्हा पुन्हा कनवट चाचपत होत्या आणि मी पाण्याकडे पाहत होते.

दातांचे डॉक्टर चांद्यातलेच, म्हातारे मुसलमान गृहस्थ. त्यांनी आरसा घालून पाहिलं, दाढेवर टकटक केलं. नवरा ओरडला.

"अम्मा, घर मजबूत आहे," डॉक्टर म्हणाले. "फक्त छप्पर उडालं. टोपी बसवून देतो."

"कितीक दिवस टिकन जी?"

"तुमच्या पोरापेक्षा जास्त."

"शुभ बोला जी! तोंडात औजार घालून असं बोलते का माणूस?"

डॉक्टर हसले. शिवणयंत्रासारखं पायाने चालवायचं त्यांचं यंत्र होतं. पाय मारत त्यांनी दाढ चारी बाजूंनी घासून बारीक केली, भोवती तार वळवून माप घेतलं, मेणात ठसा घेतला. हात धुता धुता त्यांनी सहज विचारलं, "तांदूळ निवडले कोणी?"

"मी," बाई म्हणाल्या. लहान मुलीसारख्या.

मी त्यांच्या शेजारीच बाकावर होते. तेव्हाही बोलले नाही.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो. पुतळीचा पत्रा ठोकून, त्याचं कडं जोडून, वर झाकण बसवून टोपी तयार होती, मक्याच्या टपोऱ्या दाण्यासारखी पिवळी. डॉक्टरांनी ती बसवून पाहिली, निळा कागद चावायला देऊन उंच लागणारी जागा घासली, आणि सिमेंट भरून दाबून धरली.

"आ कर गा," बाई म्हणाल्या. डॉक्टरांच्या खांद्यावरून वाकून त्यांनी पाहिलं. "माही पुतळी तं पार आत जाऊन बसली. आता हसत जाय, नाई तं दिसन कशी?"

माळेत त्या जागी त्यांनी लाल मणी ओवला.

पुढची चार वर्षं सूप माझ्याकडे होतं. लग्नघरच्या टोपल्या आल्या की बाई सांगायच्या, "माह्या सुनेले द्या, तिची नजर चांगली हाय." दुपारी त्या दाराशीच बसायच्या, पण हात मांडीवर रिकामे. मी इमानाने निवडायची. वाटीत टण् झालं की त्या मान वळवायच्या.

मग आमची मुलगी झाली. तिच्या उष्टावणाच्या आदल्या दुपारी मी सूप बाईंपुढे ठेवलं. "नातीचा पहिला भात. तुम्हीच निवडा."

त्यांनी हात मागे घेतले. "नको वो. लेकराच्या घासात माहा खडा गेला तं?"

तेव्हा मी सांगितलं. पत्र, दोन मुठी, आधण, सगळं. सांगताना त्यांच्याकडे पाहवलं नाही, गळ्यातल्या लाल मण्याकडे पाहत होते.

त्यांनी तो मणी चाचपला. मग म्हणाल्या, "चार वर्षं मले वाटे का मी आंधळी झाली."

"बाई, चुकलं माझं."

"चुकलंच." त्यांनी पदराने डोळे पुसले, मग नाक. "काय लिवलं होतं त्या पत्रात एवढं?"

"आईने लोणचं घातलं म्हणून."

"लोणच्यापायी माही पुतळी गेली!" त्या हसल्या, आणि हसता हसता पुन्हा रडल्या. मग म्हणाल्या, "आण ते सूप."

त्या निवडायला बसल्या. मी समोर होते. त्यांच्या बोटांखालून एक काळा खडा सरकून दाण्यांत गेला. मग दुसरा. त्यांना कळलं नाही. आता डोळे खरोखरच मंदावले होते, आणि चार वर्षं रिकामी बसलेली बोटंही विसरली होती. शेवटी डोळे मिटून त्यांनी हात फिरवला आणि समाधानाने सूप माझ्याकडे दिलं. नजर चांगली होती तेव्हाची ती चार वर्षं मी त्यांची घेतली. ती परत द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

तांदूळ धुताना पाण्यात हात फिरवून मी चार खडे काढले आणि पदरात बांधले. त्या दिवसापासून बाई होत्या तोवर तांदूळ त्यांनीच निवडले, आणि धुताना मी.

नवऱ्यालाही मी सगळं सांगितलं. तेव्हापासून जेवायला बसला की पहिले दोन-तीन घास तो उजवीकडे, सोन्याच्या बाजूने चावायचा. माझ्या हातून सुटलेला एखादा खडा कधी त्याच्या दाताखाली यायचाच. बारीकसा आवाज व्हायचा.

"काय झालं गा?" बाई विचारायच्या.

"काई नाई, माय. वाढ अजून," तो म्हणायचा, आणि हसायचा, टोपी दिसेल इतका.